लिफ्ट बंद, मेंटेनन्स चालू

प्रश्न : म्हापशात आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. सोसायटी अजून झालेली नाही. बिल्डरने नेमलेली कंपनी महिन्याला 4,200 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी घेते. चवथीच्या आधी बंद पडलेली लिफ्ट अजून बंदच. सासूबाई कठडा धरून तीन मजले चढतात. मॅनेजर म्हणतो, ‘पार्ट पावूंक ना’ (पार्ट आलेला नाही). पैसे थांबवू का?

उत्तर : राग रास्त आहे, पण थांबवू नका, ताई. लिफ्ट राहते बाजूला आणि चर्चा तुमच्या थकबाकीची होते. ‘हरकत नोंदवून भरते आहे’ असं ईमेलने कळवून भरा. लिफ्टच्या दारावर चिकटवलेल्या कागदाचा तारखेसह फोटो ठेवा. देखभाल कराराची प्रत मागा. बरेचदा करारच संपलेला निघतो!

रहिवाशांची संस्था ताबा घेईपर्यंत अत्यावश्यक सेवा वाजवी दरात पुरवणं ही रेरा (घरबांधणी प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या) कायद्याच्या कलम 11 नुसार बिल्डरची जबाबदारी. कंपनी नेमली म्हणून तो सुटत नाही. नोटीस दोघांनाही द्या. पुढे पणजीला रेरा प्राधिकरणाकडे जा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे. सेवेपोटी दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर आयोगात शुल्क नाही.

आणि सोसायटीचं मनावर घ्या. तिच्या सदस्यांना महिना 7,500 रुपयांपर्यंतच्या वर्गणीवर जीएसटी नाही. मात्र कंपनी सोसायटीच्या बिलात कर लावेलच, तेव्हा तुमचे 756 रुपये पूर्ण वाचतील असं धरू नका.