डीआरपीवर असताना घरी लॅप्रोस्कोपीचा हात बसवता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा: जनरल सर्जरीचं दुसरं वर्ष, डीआरपीचे (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम, म्हणजे पीजीच्या काळातली जिल्ह्यातली ड्यूटी) तीन महिने जिल्हा रुग्णालयात, तिथे लॅपच्या (लॅप्रोस्कोपीच्या, म्हणजे छोट्या छिद्रांतून कॅमेऱ्याने बघून करायच्या) केसेस जवळजवळ नाहीत. घरी सरावाचा डबा (ट्रेनर बॉक्स) करून सराव केला आणि कॉलेजातल्या सरांनी लांबून शिकवलं, तर काही हाती लागतं का, की महागडा सिम्युलेटर हवाच?

नक्की लागतं, आणि महागडं काही नको. अमेरिकेत एफएलएस ही लॅप्रोस्कोपीच्या मूलभूत कौशल्यांची परीक्षा आहे. 2004 साली सुरू झालेल्या या परीक्षेतले हाताच्या कौशल्याचे पाचही टास्क साध्या ट्रेनर बॉक्सवरच करायचे असतात. प्लास्टिकचं खोकं, आत एलईडीची पट्टी, वेबकॅम, लॅपटॉप आणि ओटीतून बाद झालेला एक ग्रास्पर (पकडायचा चिमटा), एक मेरीलँड (वाकड्या टोकाचा चिमटा), एक नीडल होल्डर (सुई धरायचं हत्यार) एवढ्यावर भागतं. ही हत्यारं परत ओटीत नेऊ नका. छिद्रं अशी पाडा की दोन्ही हत्यारं आत साधारण 60 अंशांच्या कोनात भेटतील. स्क्रीन समोर, डोळ्यांच्या किंचित खाली. खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं की कोपरं वर उचलली जातात आणि खांदे भरून येतात, म्हणून बुटकं स्टूल घ्या आणि उभ्यानेच सराव करा.

डब्याचं एवढंच. बहुतेक जण डबा करण्यात सगळा उत्साह घालवतात आणि तिसऱ्या आठवड्यात तो माळ्यावर जातो, कारण समोर ठरलेलं लक्ष्य नसतं आणि चूक दाखवणारं कोणी नसतं.

लक्ष्य आधी ठरवा. पेग ट्रान्सफरमध्ये सहा तुकडे एका हाताने उचलून, हवेतच दुसऱ्या हातात देऊन, पलीकडच्या खुंट्यांवर लावायचे आणि तसेच परत आणायचे. प्रावीण्यावर आधारलेल्या सरावात यासाठी 48 सेकंदांचं लक्ष्य धरतात, तेही तुकडा न हरवता. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं, ही उलटापालट आणि सपाट पडद्यावरून खोली ओळखणं हे दोन्ही इथेच अंगवळणी पडतं.

सरांनी काय बघायचं, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. थेट व्हिडिओ कॉलवर शिकवणं दिसायला छान, पण तिकडचं चित्र उशिरा पोहोचतं. सर ‘थांब’ म्हणेपर्यंत सुई पुढे गेलेली असते. त्यापेक्षा रेकॉर्ड करून, न कापता, पूर्ण व्हिडिओ पाठवा. मोबाइल बाजूला लावून तुमचे हात, कोपरं, उभं राहणंही त्याच वेळी टिपा. आतल्या चित्रात सुई वाकडी दिसते, पण ती का वाकडी झाली हे बाहेरच्या मनगटात दिसतं.

आतली गाठ, म्हणजे डब्याच्या आतच हत्यारांनी टाका घालून गाठ मारणं, हा टास्क घ्या. ग्लोव्हच्या बोटाला चीर द्या, दोन्ही बाजूंना पेनने एकेक ठिपका काढा, सुमारे 15 सेंटीमीटर धागा घ्या. टाका ठिपक्यांतूनच गेला पाहिजे. पहिला थ्रो (गाठीचा वेढा) डबल, मग दोन सिंगल, दर थ्रोला हात बदलायचा. हात बदलला नाही तर गाठ चौकोनी न बसता सरकते, आणि करणाऱ्याला ते कळतही नाही. लांबून बघणाऱ्याला मात्र लगेच दिसतं: डावा हात नुसता धरून बसलाय, धाग्याची शेपटी फार लांब सोडलीय, सुई टोकाजवळ पकडलीय. दर वेळी अशी एकच चूक हातात घ्या. पाच सूचना एकदम दिल्या की रेसिडेंट पाचही अर्धवट करतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

सराव रोज थोडा करा, रविवारी चार तास नको. टोरोंटोत 38 रेसिडेंटना सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनी जोडायला शिकवलं होतं. निम्म्यांना चारही सत्रं एका दिवसात, निम्म्यांना आठवड्याला एक. महिन्याने तपासलं तेव्हा आठवड्याला एक सत्र मिळालेले सरस ठरले. 2006 साली हा अभ्यास छापून आला, आणि डीआरपीवरची संध्याकाळची मोकळी वीस मिनिटं त्यात चपखल बसतात.

डबा काय शिकवत नाही, तेही ध्यानात असू द्या. सुजलेल्या पित्ताशयाला किती ओढ द्यायची, रक्त आलं की आधी काय करायचं, आणि केस ओपन कधी करायची (लॅप सोडून पोट उघडायचं) हे ओटीतच, सीनियरच्या शेजारी उभं राहून येतं.

सरांकडे आठवड्याला पंधरा मिनिटं मागा, वेळ आणि वार ठरवून. परत गेल्यावर ‘केस द्या’ असं मोघम बोलू नका. पहिला आणि शेवटचा व्हिडिओ शेजारी शेजारी दाखवा आणि एकच पायरी मागा, उदाहरणार्थ पित्ताशय यकृतापासून सोडवण्याची. सुरुवातीला बहुतेक सीनियर तेवढीच द्यायला तयार असतात.