आंबट आणि कडू एकाच कपात: चौथ्या बिया घेण्याआधी दळण पाहा

तुम्ही लिहिले आहे की एस्प्रेसोचे, म्हणजे दाबाने दाट कॉफी काढण्याचे, यंत्र घरी आणून चार महिने झाले, कॉफीच्या तीन प्रकारच्या बिया वापरून झाल्या, यंत्र एकदा तपासूनही घेतले, तरी पहिला घोट आंबट लागतो आणि मागाहून जिभेवर कडवटपणा रेंगाळतो. तेव्हा चौथ्या बिया कोणत्या घ्याव्यात, असे तुम्ही विचारता. नेमक्या याच तक्रारीत माझे सव्वा वर्ष गेले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते आहे. चौथ्या बिया तूर्त घेऊ नका. बिया तुम्ही कशाने दळता याचा तुमच्या प्रश्नात कुठेही उल्लेख नाही, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच आहे. वजनकाटा वापरणे, भाजल्याची तारीख पाहून बिया घेणे, यंत्र पुरेसे तापू देणे हे सगळे तुम्ही करत असाल असे धरून चालते.

माझी चूक अशी झाली की बाजूला काढलेली सगळी रक्कम मी यंत्रावर खर्च केली आणि दळण्यासाठी घरातला जुना, पात्यांचा छोटा ग्राइंडर पुरेल असे गृहीत धरले. बी फुटून तिची पूड झाली की काम झाले, एवढीच तेव्हा माझी समज होती. पाते मात्र बी दळत नाही, ते तिचे तुकडे उडवते. जो तुकडा पुन्हा पुन्हा पात्याखाली सापडतो त्याचे पीठ होते आणि जो कडेला निसटतो तो जाडाच राहतो. जास्त वेळ फिरवल्याने हा फरक मिटत नाही; पीठ तेवढे वाढते, आणि पूड गरम होते ते वेगळेच.

आता या दोन टोकांचा चवीशी संबंध कसा येतो ते पाहा. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो, आणि तोही सगळा कपात आलेला बरा नसतो. अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात अमेरिकेत केलेल्या कामातून पुडीच्या वजनापैकी १८ ते २२ टक्के भाग कपात उतरावा हा पट्टा पुढे आला आणि गाळलेल्या कॉफीसाठी आजही बहुतेक जण तोच आधाराला घेतात. आम्ल पदार्थ लवकर उतरतात, कडू आणि तुरट पदार्थांना अधिक वेळ लागतो. पिठासारख्या कणांतून काही क्षणांत सगळेच निघून येते, तर जाड तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचतच नाही. त्यामुळे पाणी जास्त वेळ जाऊ दिले की पीठ कडू होते, कमी वेळ दिला की तुकडे आंबट राहतात, आणि मधला मार्ग कितीही शोधला तरी सापडत नाही, कारण एकाच जाळीत, म्हणजे यंत्रात पूड भरायच्या छिद्रांच्या वाटीत, दोन वेगळ्या कॉफ्या भरलेल्या असतात. मी हे बरेच सोपे करून सांगते आहे, चवीचे गणित इतके सरळ नसते. पण घरच्या कपापुरते एवढे पुरते.

एस्प्रेसोत याला आणखी एक फाटा फुटतो. तिथे पाणी सुमारे ९ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट, दाबाने पुडीतून ढकलले जाते आणि दाबाखालचे पाणी नेहमी सर्वांत सोपी वाट धरते. पूड असमान असली की जिथे फट आहे तिथून ते धावते आणि बाकीची पूड जवळपास कोरडी राहते. साधारणपणे १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत यावी, असा सुरुवातीचा अंदाज धरतात. माझ्याकडे एके दिवशी ती १२ सेकंदांत भसकन यायची आणि दुसऱ्या दिवशी, त्याच बिया आणि तेच वजन असताना, मिनिटभर थेंबही पडत नसे. हा लहरीपणा यंत्राचा आहे अशी माझी खात्री झाली आणि मी सर्व्हिस सेंटरला फोन केला.

त्या सर्व्हिस सेंटरचे नाव मी इथे घेणार नाही, पण त्याने जेवढा पैसा आणि मनस्ताप खर्ची पाडला तेवढा त्या ग्राइंडरनेही पाडला नसेल. पहिल्या भेटीत मेकॅनिकने जाळीशिवाय नुसते पाणी सोडून पाहिले, दोष नाही असे सांगितले आणि भेटीचे शुल्क घेतले. दुसऱ्या भेटीत रबरी रिंग बदलली. तिसऱ्या भेटीत पंप बदलला, आणि तो वॉरंटीत बसत नाही, कारण वापर चुकीचा झाला आहे, असे मला ऐकवण्यात आले. वापरात नेमके काय चुकले हे मात्र कोणी सांगेना. लेखी तक्रार केली, तेव्हा बंद केलेल्या जॉब कार्डाची प्रत आली आणि तीवर शेरा होता, ‘ग्राहकाच्या चवीचा प्रश्न’. तीन भेटींत, दोन लेखी उत्तरांत आणि किती तरी फोनवर एकाही माणसाने ‘बाई, तुम्ही बिया कशाने दळता?’ एवढे विचारले नाही. यंत्र पहिल्या दिवसापासून ठणठणीत होते. रोज बदलत होती ती आतली पूड, आणि ती त्यांच्यापैकी कोणी बोटांत धरूनही पाहिली नाही. हे लिहिताना अजूनही राग येतो, तेव्हा सूर चढला असेल तर समजून घ्या.

उलगडा अपघाताने झाला. थोडी पूड पांढऱ्या कागदावर सांडली आणि उजेडात पाहिले, तर धुळीच्या शेजारी अर्ध्या बीएवढे तुकडे पडलेले होते. तुम्ही हे आजच करून पाहा. चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर बोटाने पसरा. मग आणखी थोडी पूड बारीक गाळणीतून चाळा, खाली पडलेली आणि वर राहिलेली पूड समान वजनाने दोन कपांत घ्या, सारखेच गरम पाणी ओता आणि चार मिनिटांनी चाखा. माझ्या एका कपात निव्वळ कडूपणा होता आणि दुसऱ्यात आंबट पाणी. माझी तक्रार दोन कपांत वेगळी होऊन समोर आली होती. असे प्रयोग रात्री करायचे असतील तर घोट थुंकून टाका. कॅफिन निम्मे होण्यास शरीराला साधारण पाच तास लागतात, आणि मी हे माहीत नसल्यासारखी वागून अनेक रात्री छताकडे बघत काढल्या आहेत.

उपाय म्हणाल तर बर ग्राइंडर, म्हणजे ज्यात दोन दातेरी चकत्यांमधल्या ठरावीक फटीतून बी भरडली जाते तो. माझे ठाम मत असे आहे की रक्कम मर्यादित असेल तर यंत्र साधे घ्यावे आणि ग्राइंडर चांगला. पुष्कळ जण नेमके उलटे करतात, मीही केले. हाताने फिरवायचा बर ग्राइंडर तेवढ्याच रकमेच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा बहुधा चांगले दळतो, मात्र एस्प्रेसोइतके बारीक दळताना दंडाला व्यायाम होतो आणि फटीचे टप्पे पुरेसे लहान आहेत ना, हे घेण्याआधी पाहावे लागते. फट बदलल्यावर आधीची थोडी पूड आत अडकून राहिलेली असते, म्हणून पहिले काही ग्रॅम टाकून द्या, नाहीतर बदल उपयोगी पडला की नाही हेच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. पूड भांड्याला चिकटत असेल तर दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून त्या हलवा, चिकटणे बरेच कमी होते.

इतक्यात ग्राइंडर घेणे जमणार नसेल, तर यंत्रासोबत आलेल्या जाळ्या पाहा. बहुतेक घरगुती यंत्रांबरोबर दुहेरी तळाची, खाली एकच बारीक छिद्र असलेली जाळी मिळते. तिच्यात दाब छिद्रामुळे तयार होतो, पुडीवर अवलंबून राहत नाही, त्यामुळे विकत दळून आणलेली पूडही चालून जाते. खरा एस्प्रेसो तो नव्हे, पण रोज कपाळाला आठ्या घालण्यापेक्षा बरा. किंवा यंत्र महिनाभर झाकून ठेवा आणि फ्रेंच प्रेस, म्हणजे पूड पाण्यात भिजवून दांड्याची जाळी खाली दाबायचे भांडे, वापरा: लिटरभर पाण्याला साधारण ६० ग्रॅम पूड, उकळून क्षणभर थांबलेले पाणी, चार मिनिटे. सगळी पूड पाण्यात बुडालेली असल्यामुळे पाण्याला पळवाट उरत नाही आणि असमान दळण बरेचसे खपून जाते. पात्यांचाच ग्राइंडर वापरायचा असेल तर थांबत थांबत, भांडे हलवत दळा आणि पीठ चाळून काढा. एक सावधगिरी, आणि मी डॉक्टर नाही हे लक्षात ठेवून ती वाचा: न गाळलेल्या कॉफीतले कॅफेस्टॉल हे तेलकट द्रव्य रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवते, तर कागदी फिल्टर ते बहुतांशी अडवतो, म्हणून तो त्रास असेल तर रोजच्या फ्रेंच प्रेसबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पाण्याबद्दल थोडेच सांगते, कारण तो तुमचा मुख्य प्रश्न असेल असे मला वाटत नाही. क्षार जवळजवळ काढून टाकलेल्या पाण्याची कॉफी पोकळ आणि बोचरी लागते, तर बायकार्बोनेट जास्त असलेले पाणी आम्लता मारून टाकते आणि चव मंद करते. शिवाय कठीण पाण्याने यंत्रात क्षारांचा थर साचतो, त्यामुळे ते अधूनमधून निर्मात्याने सांगितलेल्या द्रावणाने स्वच्छ करावे लागते.

कागदावरच्या पुडीचा फोटो आणि सलग तीन कपांचे सेकंद इथे लिहा, वजनासकट. ते आकडे एकमेकांजवळ आले आणि तरीही चव बिघडलेलीच राहिली, तर माझे निदान चुकले असे समजेन आणि मग बियांविषयी बोलू.