कल्प 432 कोटी वर्षांचा, पृथ्वी 454 कोटींची: मेळ बसतो का?

प्रश्न असा आहे: ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, 432 कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय 454 कोटी वर्षं, मग आपल्या पूर्वजांना ते आधीच ठाऊक होतं असं का म्हणू नये?

कारण 432 कोटी ही अख्ख्या कल्पाची लांबी आहे. त्यातला किती सरला, हे पूजेच्या संकल्पातच येतं: 'श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगचतुष्के, कलियुगे प्रथमचरणे'. कागद घ्या आणि बेरीज करा. चार युगांचं मिळून 43,20,000 वर्षांचं एक महायुग, अशी 1000 म्हणजे कल्प. 71 महायुगांचं एक मन्वंतर, म्हणजे 30,67,20,000 वर्षं. वैवस्वत हे सातवं, म्हणजे अशी सहा झाली. मन्वंतरांच्या सांध्यावरचे 17,28,000 वर्षांचे संधिकाल सात. चालू मन्वंतराची 27 महायुगं, अठ्ठाविसाव्यातली पहिली तीन युगं, आणि वर कलियुगाची पाच हजारांवर वर्षं. उत्तर येतं सुमारे 197 कोटी 29 लाख. सूर्यसिद्धांत हा जुना ज्योतिषग्रंथ यातून सृष्टी घडवायला लागलेली 1,70,64,000 वर्षं वजा करतो, म्हणजे आकडा आणखी खाली.

तुलना करायची तर या 197 कोटींशी करा. मग अडचण लगेच दिसते: गोवा-कर्नाटक सीमेवरच्या अनमोड घाटातला ग्नाइस हा खडक 300 कोटी वर्षांहून जुना आहे.

खडकाचं वय ठरतं कसं? खडकातल्या झिरकॉन या खनिजाचा स्फटिक बनताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. म्हणजे आत सापडलेलं शिसं बहुतेक युरेनियमच्या क्षयातून आलेलं. युरेनियम-238 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं क्षय पावायला लागणारा काळ, 446.8 कोटी वर्षं, युरेनियम-235 चं सुमारे 70 कोटी. एकाच कणात दोन घड्याळं. स्फटिक पुन्हा तापून शिसं निसटलं की दोन्हींची उत्तरं जुळत नाहीत आणि गडबड तिथेच पकडली जाते. पृथ्वीचं वय मात्र भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 1956 साली उल्कांमधल्या शिशावरून काढलं, कारण पृथ्वीवरचे अगदी सुरुवातीचे खडक उरलेलेच नाहीत.

मग ज्योतिर्विदांना 432 कोटींचा उपयोग काय होता? ज्योतिर्विदांना असा काळ हवा होता ज्यात सगळ्या ग्रहांच्या फेऱ्या पूर्णांकात बसतील. सूर्यसिद्धांतात 43,20,000 वर्षांच्या महायुगात शनीच्या 1,46,568 फेऱ्या आहेत. भागाकार करा, एका फेरीला 29.47 वर्षं. आजच्या मोजमापाला अगदी लागून. कौतुक करायचं तर याचं करा, ते खणखणीत आहे.

सृष्टी पुन्हा पुन्हा उपजते आणि लय पावते, या श्रद्धेला झिरकॉन ना दुजोरा देतो ना धक्का. पण तिचा पुरावा म्हणून वर्षांचा आकडा पुढे केलात, की तो तपासला जाणारच.

आणि परंपरेतही हा आकडा एकमुखी नव्हता. आर्यभटानं कल्पात 1000 ऐवजी 1008 महायुगं धरली, म्हणजे 435 कोटी 45 लाख 60 हजार वर्षं. स्मृतींना सोडून गेला म्हणून नंतरच्या ज्योतिर्विद ब्रह्मगुप्तानं त्याला धारेवर धरलं. खरं तर त्याचा आकडा 454 च्या जरा जास्तच जवळ आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डमध्ये मात्र तो सहसा दिसत नाही.