शुश्रूषा : प्रश्न तुमचे – पार्किन्सन्सच्या रुग्णाची घरातली देखभाल

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे वय ७६ असून गेली ९ वर्षे त्यांना पार्किन्सन्स आहे. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत त्यांचे अंग ताठलेले असते, बाथरूमच्या दारात पाय जागीच खिळतात, चहा पिताना ठसका लागतो आणि गेल्या आठवड्यात माकडहाडापाशी लाल डाग दिसला. ब्युरोतून येणाऱ्या मावशी फार मायेने करतात. रिकाम्या पोटी गोळी बाधेल म्हणून नाश्ता झाल्यावर दुधाबरोबर देतात. घरी आणखी काय करता येईल?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत, पण मला सर्वांत आधी थांबावेसे वाटले ते त्या दुधापाशी. पार्किन्सन्ससाठी दिले जाणारे लेव्होडोपा हे औषध आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने अन्नातल्या प्रथिनांचे घटकही जातात; त्यामुळे दूध, अंडे, पनीर किंवा डाळ यांच्याबरोबर घेतलेल्या गोळीचा गुण उशिरा आणि कमी येतो. म्हणून ही गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, साध्या पाण्याबरोबर द्यावी. मळमळत असेल तर आधी केळ्याचे दोन घास चालतील. उलटीवर मात्र मनाने औषध देऊ नका, कारण मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधाने पार्किन्सन्सची लक्षणे वाढतात. सासऱ्यांची गोळी हीच आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या आणि मगच वेळ बदला.

एकदा वेळ ठरली की ती पंधरा-वीस मिनिटांच्या पलीकडे सरकू देऊ नये. आठवडाभर एका वहीत गोळी कधी दिली, अंग कधी मोकळे झाले आणि पुन्हा कधी जखडले, एवढेच मावशींना लिहायला सांगा. दिवसातले मोकळे तास त्यातून कळतात, आणि अंघोळ, जेवण व चालणे त्याच तासांत बसवले की रुग्णाचे आणि करणाऱ्याचे निम्मे कष्ट वाचतात. सकाळी आठला ताठलेल्या माणसाला ओढून अंघोळीला नेणे हा दोघांनाही होणारा जाच आहे. कधी रुग्णालयात दाखल करावे लागले, तर ही वही आणि गोळ्या सोबत न्या. वॉर्डातल्या औषधफेरीची वेळ आणि तुमची वेळ जुळेलच असे नाही, म्हणून पहिल्याच दिवशी सिस्टरना तसे स्पष्ट सांगा. गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे असते आणि सावकाश विरघळणारी गोळी कुटूनही देऊ नये.

ठसक्याकडे मात्र दुर्लक्ष नको. घास किंवा घोट श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे या आजारातल्या मृत्यूंचे एक मोठे कारण आहे, आणि काही रुग्णांना घास चुकीच्या वाटेने जाऊनही ठसका लागतच नाही. म्हणून घोटानंतर त्यांना ‘आ’ म्हणायला लावा. आवाज घशात पाणी साचल्यासारखा ओलसर आला, तर पुन्हा गिळायला सांगून मगच पुढचा घोट द्या. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान आणि समोरचा टीव्ही बंद. कोरडे पोहे, चिवडा किंवा चहात बुडवलेले बिस्कीट यांपेक्षा मऊ, एकजीव खिचडी सोपी जाते. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. चहा किती दाट करावा, हे स्पीच थेरपिस्टकडून (बोलण्याबरोबर गिळण्याचीही तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून) तपासून घ्या. हे काम पुढे ढकलू नका.

आता तो डाग. त्यावर बोट हलके दाबून सोडा. लाली क्षणभर जाऊन परत आली तर कातडी अजून सावरू शकते. दाबूनही लाली तशीच राहिली, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने तिथली ऊब आणि कडकपणाही पाहावा. डागावर तेल चोळू नका आणि मधे भोक असलेली हवेची गादी देऊ नका, कारण तिच्या कडांचा दाब पडून भोवतालचा रक्तपुरवठा कमी होतो. दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन थोडे तिरके ठेवा आणि पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी राहू द्या. वर सरकवताना कधीही फरफटवू नये, दोघांनी मिळून चादरीसकट उचलावे. कातडी फुटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दारात पाय खिळतात तेव्हा हात धरून ओढले तर ते पडतील. थांबू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगा आणि उंबऱ्यापाशी रंगीत चिकटपट्टीची आडवी रेघ मारून ‘ही ओलांडा’ म्हणा. ताल धरल्यानेही पाऊल सुटते. पालखीत ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ ज्या ठेक्यात म्हणतात, तो ठेका सासऱ्यांच्या ओळखीचा असेल, तर मावशींनी तोच म्हणावा.

रात्री दोन-दोन तासांनी कोण उठते, हे तुम्ही लिहिलेले नाही. सासूबाई उठत असतील, तर आठवड्यातल्या दोन रात्री तरी दुसऱ्या कोणी घ्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात असे करणारी घरे एकमेकांना भेटतात. सासूबाईंना तिथे जरूर घेऊन जा.

प्रश्न : आईला पार्किन्सन्स आहे. तिला अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळेल का?
– एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : मिळू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत, दीर्घकालीन चेताविकारांखाली, पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा समावेश आहे. अर्ज ऑनलाइन करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. तपासणीला न्यूरॉलॉजिस्टचे सगळे कागद आणि आईच्या गोळ्यांच्या वेळांची वही न्या, कारण गोळीचा गुण असताना ती बरीच बरी दिसेल आणि दिवसाचे बाकीचे तास कसे जातात, हे त्या वहीवरूनच डॉक्टरांना कळेल.