आणखी किती प्रश्न सोडवू?

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोडिंगचे दोनशेच्या वर प्रश्न सोडवून झालेत. तरी ऑनलाइन टेस्टमध्ये ‘टाइम लिमिट एक्सीडेड’ (कोडला ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ लागला) येतं, आणि परवा मुलाखतीत साधा बायनरी सर्च लिहिला तर लूप थांबेचना. आणखी किती प्रश्न सोडवू? – एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नवे नकोत. सोडवलेल्यांतलेच तीस निवडा आणि उत्तर न बघता कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा. अडलात, तर तो प्रश्न नुसता वाचलेला होता.

लूपचं, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवण्याचं, आधी बघू. बायनरी सर्च म्हणजे चढत्या क्रमातल्या यादीत मधला आकडा बघून दरवेळी अर्धी यादी सोडून देणं. ॲरे (आकड्यांची यादी) [३, ७], शोधायचे ७. जागा ०पासून मोजायच्या: लो (शोधायच्या भागाची सुरुवात) ०, हाय (शेवट) १. मिड (मधली जागा) = (० + १) / २, पूर्णांक भागाकारात ०. तिथे ३ आहे, म्हणून उजवीकडे जायचं. इथे बहुधा तुम्ही ‘लो = मिड’ लिहिलंत. लो ० होता, ०च राहिला. पुढची फेरी हुबेहूब तीच. ‘लो = मिड + १’ आणि ‘हाय = मिड − १’ हवं. लूपची अट ‘लो <= हाय’ ठेवा; नुसतं ‘<’ ठेवलंत तर याच ॲरेत ७ तपासायच्या आधीच लूप संपतो. दोन घटकांचा ॲरे हातानं चालवून बघायला मिनिटभर लागतं.

जावा भाषेत मिड काढताना लो + हाय ही बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या वर गेली की ऋण होते. खुद्द जावाच्या लायब्ररीत ही चूक वर्षानुवर्षं होती, २००६ मध्ये चव्हाट्यावर आली! म्हणून मिड = लो + (हाय − लो) / २ लिहा. पायथनला ही भीती नाही.

आता वेळेचं. कोड लिहिण्याआधी ‘एन’ची, म्हणजे किती आकडे दिले जातील त्याची, मर्यादा वाचा. एन एक लाख असेल तर लूपमध्ये लूप म्हणजे हजार कोटी फेऱ्या. सी प्लस प्लससुद्धा सेकंदाला साधारण दहा कोटी साध्या क्रिया करतं, पायथन त्याहून बराच मंद. तिथे सॉर्टिंग (आकडे क्रमानं लावणं) किंवा हॅश मॅप (टाकलेला आकडा झटकन सापडणारी नोंदवही) हवा. बेरीज ८ होणारी जोडी शोधताना हातातल्या आकड्याचा जोडीदार आधी मॅपमध्ये बघा, मग तो आकडा टाका. उलट केलंत तर एकटा ४ स्वतःशीच जोडी जमवतो.

मुलाखतीत कोडला हात घालण्याआधी विचारा: ॲरे रिकामा असेल का? आकडे पुन्हा येतील का? ऋण असतील का? आपल्याकडे घरात मराठी, बाहेर हिंदी आणि मुलाखत इंग्रजीत, त्यामुळे येत असलेलंही तोंडातच अडकतं. ते तीस प्रश्न कागदावर लिहिताना प्रत्येक ओळ इंग्रजीतून मोठ्यानं बोला. घरचे हसतील, हसू द्या.