टिकू, ब्रुनो आणि बाकाखालचे दहा सेकंद

ताई, तुमचा व्हिडिओ चार वेळा पाहिला, त्यातला दोनदा आवाज बंद करून. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: टिकू आठ महिन्यांचा गावठी, ब्रुनो तीन वर्षांचा लॅब्रॅडोर. दोघं रोज संध्याकाळी सोसायटीच्या मागच्या अंगणात गुरगुरत एकमेकांच्या मानेला धरतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात की ही भांडणं आहेत, एक दिवस रक्त निघेल. आणि तुम्हाला कळत नाहीये की सोडवायचं की खेळू द्यायचं.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिले तीस-बत्तीस सेकंद निखळ खेळ आहे. शेवटचे दहा सेकंद नाही. म्हणजे काका पूर्णपणे चुकले नाहीत, आणि तुम्हीही नाही.

आवाज बंद करून पाहायचं कारण हे की गुरगुरणं आपल्याला सगळ्यात आधी घाबरवतं आणि सगळ्यात कमी सांगतं. खेळातही कुत्री मोठमोठ्यानं गुरगुरतात, दात दाखवतात, एकमेकांना आपटतात. खेळण्यात तेच दात, तोच जबडा वापरला जातो, म्हणून दातांकडे बघून काही कळत नाही. मी बघते ते दोन गोष्टींकडे: अंग सैल आहे की ताठ, आणि दोघं मधेमधे थांबतात की नाही.

बाराव्या सेकंदाला व्हिडिओ थांबवा. ब्रुनोनं टिकूच्या मानेची कातडी तोंडात धरलीये आणि डोकं डावी-उजवीकडे झटकतोय. काका इथेच ओरडले असणार. आता दोन सेकंद मागे जा. ब्रुनोची पुढची कोपरं जमिनीला टेकलेली, ढुंगण वर, आणि तो क्षणभर तसाच थांबलाय, नजर टिकूकडे. याला ‘प्ले बाऊ’ म्हणतात, तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे मार्क बेकॉफ यांनी कुत्रे, लांडगे आणि कायोटी (लांडग्यासारखाच, पण लहान अमेरिकी प्राणी) यांच्या पिल्लांच्या खेळाचा बारकाईनं अभ्यास केला. १९९५ साली त्यांनी मांडलं की ही खूण खेळात वाटेल तिथे येत नाही. डोकं झटकत घेतलेल्या चाव्याच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर ती जास्त येते. असा झटका शिकार मारताना देतात, त्यामुळे समोरच्याचा गैरसमज व्हायची सगळ्यात जास्त शक्यता तिथेच. ब्रुनो टिकूला आधीच सांगून ठेवतोय की आता जे करणार आहे ते खरं धरू नकोस. आणि टिकूनं ते धरलं नाही. बघा, मान तोंडात असतानाही त्याचं मागचं अंग कसं सैल हलतंय.

जबडाही पाहा. ब्रुनोचं तोंड मिटतच नाही. कातडी दातांच्या मधे आहे, पण ताणली जात नाही. टिकू केकाटला नाही, त्यानं मागे वळून चावाही घेतला नाही.

एकोणिसाव्या सेकंदाला मात्र मला खरंच आनंद झाला. ब्रुनो स्वतःहून आडवा पडला. तीसेक किलोचं जनावर, त्याच्या निम्म्या वजनाच्या पोराला वर येऊ देतंय. पुष्कळ लोक सांगतात की पोट दाखवलं म्हणजे हार मानली. खेळात तसं नसतं. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या मंडळींनी २०१५ साली नेमकं हेच तपासलं, तेव्हा खेळताना पाठीवर पडणारी कुत्री मानेवरचा चावा चुकवत होती किंवा खालून चावा घेत होती. ब्रुनोही तेच करतोय, खालून टिकूच्या गळ्याला तोंड लावतोय. मोठ्यानं धाकट्यासाठी जोर आवरायचा आणि आळीपाळीनं वर-खाली व्हायचं, यावर खेळ टिकतो. पाळी अगदी समसमान यायला हवी असं मात्र नाही. काही जोड्यांत एकजण बहुतेक वेळा वरच असतो आणि तरी दुसरा रोज दारात वाट बघत बसतो.

आणि चोविसावा सेकंद. दोघं अलग झाले. टिकूनं अंग झटकलं, पाण्यातून बाहेर आल्यासारखं, कोरडा असूनही. ब्रुनोनं उगाच जमीन हुंगली. दोन-तीन श्वास, आणि पुन्हा सुरू. हा विसावा मी सगळ्यात जास्त शोधते. खेळणारी कुत्री श्वास घ्यायला थांबतात, तापलेलं डोकं खाली आणतात. विसावा नाहीसा झाला की खेळाचा भडका व्हायला फार वेळ लागत नाही.

आता शेवटचे दहा सेकंद, टिकू बाकाखाली जातो तिथून पुढे.

टिकूची शेपटी नेहमी पाठीवर गोल वळलेली असते, बहुतेक गावठी कुत्र्यांची असते तशी. लॅब्रॅडोरची शेपटी एवढी वर गेली तर मी सावध होईन, पण टिकूसाठी ते रोजचंच. प्रत्येक कुत्र्याची शेपटी त्याच्या स्वतःच्या रोजच्या शेपटीशी ताडून बघायची असते. बाकाखाली ती सुटून सरळ खाली आलीये. तोंड, जे इतका वेळ उघडं होतं, ते मिटलं. कान मागे. डोकं भिंतीकडे वळलंय, पण डोळे ब्रुनोवर, त्यामुळे डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय. दोनदा नाक-ओठ चाटले, समोर खायला काही नसताना. आणि अंग पूर्ण थांबलंय. हे थांबणं मघाच्या विसाव्यासारखं नाही. तिथे अंग सैल होतं, इथे लाकडासारखं आहे. अशा ताठरण्यानंतर पुढची गोष्ट बहुधा दात असते, आणि ते दात खरे असतात.

ब्रुनोला मी दोष देणार नाही. तो अजून खेळतोच आहे, बाकाखाली पंजा घालून बोलावतोय. पण मागे भिंत, एका बाजूला स्कूटर, समोर ब्रुनो. टिकूला निघून जायला वाटच नाही.

अशा वेळी ओरडू नका, टिकूला ओढूनही काढू नका. ब्रुनोच्या गळ्यातला पट्टा हळूच धरा, त्याला चार पावलं मागे न्या आणि टिकूला मोकळं सोडा. टिकू अंग झटकून स्वतःहून ब्रुनोकडे परत आला तर खेळू द्या. तुमच्या पायामागे आला किंवा जिन्याकडे निघाला तर आजचा खेळ संपला. सोडवायचं की नाही हा निर्णय तुम्हाला घ्यायचाच नाहीये, टिकू घेईल. माझ्या घरी आजवर पाच कुत्री वाढली आणि ही परीक्षा मी आजही घेते.

ब्रुनोच्या मालकांनी लिहिलंय की “शेपटी हलवतोय म्हणजे खूशच आहे.” याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. आम्ही साताऱ्यात राहत होतो तेव्हा माझी काळी नावाची कुत्री होती. एका संध्याकाळी रस्त्यात एक मोठा जर्मन शेफर्ड समोर आला. शेपटी उंच उभी, आणि फक्त तिचं टोक भरभर थरथरत होतं. मीही हेच म्हणाले, हलवतोय ना शेपटी, मित्र व्हायचंय त्याला. पाठीचा कणा सरळ, वजन पुढच्या पायांवर, तोंड घट्ट मिटलेलं, यातलं काही मी बघितलं नाही. काळीच्या कानाला सहा टाके पडले. ती नंतर कितीतरी महिने त्या वळणावर आली की माझ्या मागे चालायची.

हलणाऱ्या शेपटीचा अर्थ एवढाच की कुत्रा उत्तेजित झालाय. कशानं, ते बाकीचं अंग सांगतं. कंबरेपासून सगळं मागचं अंग हलत असेल, शेपटी मध्यावर, तोंड उघडं, तर आनंद. ताठ अंगावर नुसतं टोक थरथरत असेल तर लांब राहा. इटलीतल्या संशोधकांना २००७ साली ३० कुत्र्यांवर दिसलं की मालक समोर असला की शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. सुंदर शोध आहे, पण तो त्यांनी चित्रफितीवर मोजला. रस्त्यात आपल्याला डावं-उजवं दिसणार नाही, ताठपणा दिसेल. पाठीवरचे केस उभे राहणंही असंच. तेही फक्त उत्तेजना सांगतं, लाजाळू पिल्लांचेही खेळताना उभे राहतात.

मुलीबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, पण मला तो भाग टिकू-ब्रुनोपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पाच वर्षांची पोर टिकूला मिठी मारते, तो जांभई देतो, तिचं तोंड चाटतो आणि मान वळवतो, आणि सगळ्यांना ते गोड वाटतं. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, वळवलेली मान, भरभर चाटणं, या तो अवघडल्याच्या खुणा आहेत. गळ्यात पडलेले हात म्हणजे त्याच्यासाठी वाट अडवणंच. तिला इतकंच शिकवा: बसायचं, हात मांडीवर, टिकू आपणहून आला तर छातीवर खाजवायचं, मोजून तीन अंक, मग हात काढायचा. त्यानं परत नाक लावलं तर पुन्हा. मुलं हे फार छान शिकतात, मोठ्यांपेक्षा लवकर. आणि टिकू कधी तिच्यावर गुरगुरला तर त्याला रागावू नका, तिला बाजूला घ्या. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो आणि न सांगता चावायला शिकतो.

उद्यापासून ब्रुनोबरोबरचा खेळ बाकापासून लांब, पार्किंगच्या उघड्या बाजूला न्या. दोघांचे पट्टे सोडा, ताणलेल्या पट्ट्यावर कुत्र्याला ना वळता येतं ना लांब जाता येतं. पाच-सात मिनिटांनी तुम्हीच हाक मारून दोघांना वेगळं करा, पाणी द्या, मग पुन्हा सोडा. काठी किंवा चेंडू मधे आणू नका, हक्काची वस्तू आली की चांगल्या मित्रांचंही बिनसतं. कधी खरंच जुंपली तर मधे हात घालायचा नाही, बादलीभर पाणी टाका किंवा जाड चादर. माणसाला दात लागलाच, अगदी ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा, कुत्रा घरचा असला तरी.

काकांनाही एकदा खाली बोलवा आणि चोविसावा सेकंद दाखवा. पुढचा व्हिडिओ काढाल तेव्हा मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर धरा. वरून शेपट्या दिसतात, पण टिकूचं तोंड कधी मिटलं ते दिसत नाही, आणि मला तेच पाहायचंय.