तुमचे प्रश्न: एवढ्याशा देशाले एवढा उंच टॉवर काऊन?

प्रश्न: भाऊ, आमच्या धुऱ्यावर मोबाईलचा टॉवर आहे, आमच्या गावात त्याच्याहून उंच काहीच नाही. पोरगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राहिला, तो म्हणे युरोपात एस्टोनिया नावाचा देश आहे, माणसं आपल्या वर्धा जिल्ह्याएवढीच, आन टॉवर 314 मीटरचा! एवढ्याशा देशाले एवढा टॉवर कायले लागते?
– एक शेतकरी, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर: पोरगा बरोबर बोलला भाऊ, तो त्यांच्या टॅलिन शहराचा टीव्ही टॉवर आहे. 2011 च्या जनगणनेत वर्धा जिल्हा 13 लाखाचा होता, एस्टोनिया पण 13 लाखाच्या थोडा वरच आहे. पण जमीन त्यांच्याकडे 45 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अर्ध्या विदर्भाच्या जवळपास, आणि तीही सगळी सपाट. तिथला सगळ्यात उंच डोंगर, सूर मुनामॅगी, नावाचा अर्थ मोठा अंडी-डोंगर, तो समुद्रसपाटीपासून फक्त 318 मीटर आहे. आपलं नागपूर शहरच साधारण 310 मीटरवर बसलंय, म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा डोंगर आणि आपल्या नागपूरचा रस्ता जवळपास एकाच उंचीवर! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं होतं.

टीव्हीच्या लहरी सरळ जातात, जमिनीची गोलाई आड आली की पुढं पोचणं कठीण. तुमच्या धुऱ्यावरचा टॉवर 40 मीटरचा धरला तर त्याच्या टोकावरून साधारण 22 किलोमीटरवर क्षितिज येतं, 314 मीटरवरून तेच 63 किलोमीटर होते. आपल्याकडे नागपूरला सेमिनरी हिल्सची टेकडी होती, तिच्यावर टीव्ही टॉवर उभा केला, उंची काही अंशी फुकटात भेटली. त्यांच्या राजधानीजवळ, टॅलिनला, तसं काही नव्हतं मंग सगळी उंची सिमेंट आणि लोखंडातूनच काढावी लागली, खाली 190 मीटर काँक्रीट, वर 124 मीटर लोखंडी मास्ट.

टॉवर बांधला तेव्हा एस्टोनिया सोव्हिएत संघात होता. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकची शिडाच्या बोटींची शर्यत टॅलिनच्या समुद्रात ठेवली होती, तिचं प्रसारण करायला हा टॉवर बांधला, जुलै 1980 मध्ये सुरू झाला.

पण तिथले लोक हा टॉवर जपतात ते 1991 साठी. 20 ऑगस्टला एस्टोनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोव्हिएत सैनिक टॉवरमध्ये शिरले. खालचे मजले त्यांच्या हातात गेले, पण वर काही मोजके रेडिओवाले दार लावून बसले होते आणि त्यांनी धमकी दिली की वर आलात तर आग विझवायचा गॅस सोडू, सगळ्यांचाच श्वास कोंडेल. लिफ्टच्या दारात काडीपेटी अडकवून लिफ्ट थांबवली होती असंही तिथं सांगतात. बाहेर साधी माणसं जमली होती. तिकडं मॉस्कोत सत्ता बळकावायला निघालेल्या कट्टर सोव्हिएत नेत्यांचं बंडच फसलं आणि सैनिक निघून गेले. टॉवर गेला असता तर आपण स्वतंत्र झालो हे देशाला सांगायचा मोठा रस्ताच बंद झाला असता, म्हणून माझं मत असं की त्या 314 मीटरची किंमत त्या एका दिवसातच वसूल झाली.

प्रश्न: उंच गोष्टीवर वीज पडते म्हणतात. मंग एवढ्या उंच ठिकाणी काय होत असेल? आमच्याकडे दरवर्षी वीज पडून कोणी ना कोणी जाते.
– एक ताई, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, पडते, आणि त्याचा मोठा दाखला टॅलिनमध्येच आहे. तिथल्या सेंट ओलाफ चर्चचा मनोरा आज जवळपास 124 मीटर आहे. त्यावर पुन्हा पुन्हा वीज पडली, 1625 मध्ये जळाला, 1820 मध्ये परत जळाला, तरी लोकांनी तो परत परत उभा केला. आतून लाकडाचा सांगाडा असला की ठिणगी पुरते. आजच्या टॉवरवर वीज पडली तरी लोखंडातून आणि अर्थिंगमधून जमिनीत उतरते म्हणून तो जळत नाही. पण शेजारी टॉवर आहे म्हणून वावरात आपण सुरक्षित आहो असं कोणीच समजू नका, आणि टॉवरच्या पायथ्याशी तर बिलकुल थांबू नका. ढग गडगडायला लागले की निंदण-डवरण सोडून पक्क्या घरात या, कडुलिंबाखाली, बाभळीखाली उभं राहू नका, बैलगाडी आणि तारेच्या कुंपणापासून पण दूर राहा. मोबाईलवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, ते आजूबाजूला वीज असली की सांगते, घरातल्या एकाच्या तरी फोनमध्ये ठेवाच.

प्रश्न: तिथं मोठ्या बिल्डिंगी पण असतील ना?
– एक विद्यार्थी, ता. आर्वी

उत्तर: आहेत, पण आपल्या मुंबईसारख्या नाहीत. टॅलिनमधलं 30 मजली स्विसोटेल हे हॉटेल 117 मीटरचं आहे, 2007 मध्ये सुरू झालं. म्हणजे एवढ्या वर्षांनी पण ते त्या जुन्या चर्चपेक्षा सहा-सात मीटर खालीच आहे.